मनसारामच्या जागेवरचे गोटे

तलावाभोवतालची वाट झाली आन् गावाले एकदम माही आठवन आली. एरवी कार्यक्रम असला का कुंताबाईची जागा मांडवाच्या मागं, चपलाईजवळ. ह्या खेपेस मात्र साहेब लोकाईनं मले सामोर बसवलं. गळ्यात हार घातला. वाटेच्या तोंडाशी मोठी पाटी आहे, ‘सर्वांसाठी निसर्गवाट’, आन् तिच्यावर चाकाच्या खुर्चीतल्या मानसाचं चित्र. त्या चित्रासारखं अख्ख्या गावात एकच मानूस निघालं, ते म्हंजे मी. लहानपनी पोलिओ झाला तवापासून माहे दोन्ही पाय काड्याईवानी आहेत. हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल, हेच माहे पाय.

“आता तुम्ही कुठंही जाऊ शकता, काकू,” एक मॅडम फोटोसाठी हसत मले म्हने.

मी म्हनलं, “मले कुठंही नाई जायचं. मले एकाच ठिकानी जायचं आहे.”

तिनं आयकलं नाई. फोटो झाला, रिबन कापली, मले पयल्या वळनापर्यंत ढकलत नेलं आन् तिथून परत वळवलं. नाश्ता थंडा होऊन राह्यला होता ना!

मले जायचं होतं तलावाच्या पल्याडच्या टोकाले, वाकड्या जांभळीपाशी. तिथी माह्या घरवाल्याले वाघानं मारलं. मनसाराम त्याचं नाव. आमी ढिवर. तो तलावात मासे धरे आन् जाळं विनायचं काम माहं. माह्या पायात जोर नाई, पन हात असे आहेत का धरलं ते सुटत नाई. एक दिवस सकाळी तो त्या टोकाले लावलेलं जाळं उचलाले गेला, आन् घरी आला तो चादरीत गुंडाळून, गोंडपिपरीच्या दवाखान्यातून. मले तोंड दाखवलं, बाकीचं झाकून ठेवलं. जागा काई दाखवली नाई. दाखवतील तरी कशी? पाळीवरून, म्हंजे तलावाच्या बांधावरून, उतरायचं, मंग सांडव्याचे निसरडे गोटे, मंग रायमुनियाच्या झुडपातून मानसाच्या रुंदीची पायवाट. माह्या सायकलले ते टोक आन् सूरजागडचे पहाड सारखेच.

पोट्टे म्हनत होते, काकू, उचलून नेतो. मी म्हनलं, मी काय धानाचं पोतं आहो? मनसाराम उचले तवा गोष्ट अलग होती. मार्कंड्याच्या जत्रेत तो मले पाठीवर घेऊन पुऱ्या गर्दीतून देवळापर्यंत न्यायचा. मी त्याचा कान धरून सांगत जाव, इकडं वळ गा, तिकडं जिलेबी आहे. लोक हसत, तो बी हसे. त्याच्या पाठीवर मी पोतं नव्हती, त्याची बायको होती. दुसऱ्याच्या पाठीवर बसून त्याच्या जागेवर जानं माह्या जिवाले पटलं नाई. जाईन तं माह्या हातानं जाईन, असं मी तवाच ठरवलं होतं.

आमच्याकडं वाघानं मानूस मारला का त्या जागेवर गोटा ठेवतात. तिथून जाईल त्यानं एक ठेवायचा. गोटा नाई भेटला तं झाडाची हिरवी डांगी ठेवायची, पन रिकाम्या हातानं सामोर जायचं नाई. ढिवर असो, गोंड असो, कुनबी असो, सगळ्याईले तेच. असा ठेवता ठेवता ढीग होते. मेलेल्याले वाटते, आपल्याले कोनी विसरलं नाई. तो तिथी एकटा पडत नाई. ढीग जेवढा मोठा, तेवढी त्याची सोबत मोठी, हे मी लहानपनापासून आयकत आली.

मी जाऊ शकत नाई म्हटल्यावर जानाऱ्याले विचारनं एवढंच माह्या हाती राह्यलं. शेजारी सुकरी राहते, गोंडाची म्हातारी. मोह वेचून, तेंदूपत्ता तोडून घरी आली का मी दारातूनच आवाज द्यायची, “आज त्या बाजूनं गेली होती का वं?”

“गेली होती ना. ठेवला एक. गुडघ्याएवढा झाला ढीग.”

मंग माहा देर मिथुन, मनसारामचा लहान भाऊ. घर एकच आहे, मधात भित आहे, तिकडल्या अर्ध्यात मिथुन आन् त्याची बायको दामिनी राहतात. मासे धरून आला का जाळं खाली ठेवायच्या आधी मी त्याले विचारायची. “वैनी, कमरेले लागते आता,” तो म्हने. दुसऱ्या वर्सी दामिनीनं तं छातीवर आडवा हात ठेवून दाखवला. “एवढा, बाई! लोक लई मानतात भाऊजीले.”

मले लेकरू नाई. सांजचं दार लोटलं का घरात मी आन् भितीले टांगलेलं अर्धं विनलेलं जाळं. भात शिजवायचा तो एकटीचा, आन् एकटीचा भात तं उरतेच, तो सकाळी कोंबड्याईले टाकायचा. मधल्या भितीपल्याड मिथुनचं घर हसे, भांडे, टीव्ही लावे. इकडं कोनी खोकलं तं ते मीच. अशा वक्ताले मी स्वताले समजावत जाव, कुंता, तू एकटी पडली हे खरं, पन त्याच्यापाशी अख्खा गाव आहे. ह्या एका गोष्टीवर मी इतके वर्स झोप काढली. खरं सांगतो, कधी कधी त्या ढिगापायी माहा जळफळाट बी होये. साऱ्या दुनियेनं तिथी गोटा ठेवला आन् त्याच्या बायकोचाच एक नाई.

म्हून वाट झाली तवा मले जे झालं ते त्या मॅडमले समजनं शक्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी मिथुनले म्हनलं, “जातो मी आता जांभळीपाशी.”

त्याचं तोंड खरकन उतरलं. “वैनी, तिकडं उतार आहे. तुह्या सायकलचे बिरेक नाई लागनार.”

“माहे हात काय झिजले का?”

“नाई, पन थोडं थांब ना.”

सांजेले पाहतो तं सायकलची चैनच गायब! मिथुननं दुरुस्तीले नेली म्हने. कोनाले विचारून नेली? दामिनीले म्हनलं, तं ती म्हने, “बाई, उन्हाचं कशाले जाता? दोन-चार दिवसानं मी येतो ना संगं.” दोन-चार दिवस गेले तं हिचं डोस्कं दुखे. सुकरीले विचारलं तं ती म्हने, ह्या वर्सी डास लई झाले. मी विचारून राह्यली वाटेचं आन् ही सांगून राह्यली डासाचं! मिथुन तं घरात दिसेच ना. आला तं अंगावर पांढरी धूळ, आंघोळ करून गपचूप झोपे. वाटेचं उरलंसुरलं काम असल म्हून मी काई बोलली नाई.

पन आतून मी धुसफुसत होती. मले वाटलं, हे सगळे मले अजून लुळीच समजतात. सरकारनं वाट बांधली, चित्राची पाटी लावली, पन ह्याईच्या डोस्क्यातली कुंता अजून खाटेवरच बसून आहे. सायकल मिस्त्रीचं दुकान आमच्या घरासमोरच. मी सरकत सरकत रस्ता पार केला, त्याच्या दारात फतकल मारून बसली आन् असा कल्ला केला का चहाच्या टपरीवरचे लोक उठून आले. मिस्त्री घाबरला बिचारा.

“काकू, चैन कवाचीच तयार आहे. मिथुनभाऊ म्हने, उद्या लावून दे. उद्यापासून जाऊ दे तिले.”

“जाऊ दे? मले परवानगी देनारा तो कोन?”

पन चैन लागली. सकाळी उठून मी नवं लुगडं नेसली. मनसारामच्या जाळ्याले बांधायचा एक गोटा पेटीत जपून ठेवला होता, तो मांडीवर घेतला आन् निघाली. मिथुनचं दार बंद होतं. बरंच झालं म्हनलं, उगाच तोंड वाजवावं लागलं असतं.

वाट चांगली केली, खोटं काऊन बोलू? सिमेंटचे ठोकळे असे बसवले का चाक कुठी अडखळत नाई. तलावाच्या बाजूनं लोखंडी कठडा, जंगलाच्या बाजूनं उंच जाळी, जनावर येऊ नये म्हून. थोड्या थोड्या अंतरावर बाक, आन् बाकापाशी चाकाची खुर्ची उभी कराले जागा सोडलेली. आंधळ्याईसाठी पाट्याईवर उठलेले ठिपके आहेत. मी त्याच्यावर बोट फिरवून पाह्यले, मले काई वाचता नाई आलं. पाळीवर चढाले त्याईनं असा लंबा, हळू चढ काढला का मी दम न टाकता वर गेली. सांडव्यावर पूल आला. ज्या गोट्याईनं मले इतके वर्स अडवलं ते पुलाखाली पान्यात पडून होते. मी त्याईच्या वरून गेली आन् मोठ्यानं हसली. आयकाले कोनी नव्हतं.

पुलापल्याड मी जिंदगीत कधी गेली नव्हती. तिथून वळून पाह्यलं तं तलावापल्याड आमचं गाव, आन् गावाच्या कडेले माहं घर, आगपेटीएवढं. मनसाराम म्हनत जाये, त्या टोकावरून मले तुह्या चुलीचा धूर दिसते, मंग मी हात चालवतो, भात थंडा होईल म्हून. मी त्याले थापाड्या म्हनो. खरंच दिसते हो. दामिनीच्या चुलीचा धूर दिसत होता. माह्या घरावर काईच नव्हतं, कारन ते पेटवनारी इकडं आली होती. एवढ्या मोठ्या जागेत आपली वाट पाहनारं एक बी घर नाई, हे मले तिथी पयल्यांदा डोळ्यानं दिसलं. मंग मी पायडल मारलं.

जांभळ दिसली. तो सांगे तशीच वाकडी, पान्यावर झुकलेली. आन् तिच्या बुडाशी, कठड्याच्या अलीकडं, वाटेले लागून, ढीग. उभ्या मानसाच्या छातीले लागल एवढा. दामिनीनं हात ठेवून दाखवला होता, बरोबर तेवढा.

“माय वं!” माह्या तोंडातून निघालं. हात जोडले. डोळ्यातून घळाघळा पानी, पन बरं वाटनारं पानी. मी म्हनलं, “मनसाराम, तुही तं मजाच आहे गा. एवढे लोक! आन् मी तुही काळजी करून राह्यली होती.” घरी इतके वर्स कोनाशी बोलली नसन एवढी मी त्याच्याशी बोलली. कोंबड्याईचं सांगतलं. मिथुनची तक्रार केली. त्याले म्हनलं, आता मी रोज येईन, वाट झाली आहे.

मंग माहा गोटा ठेवाले म्हून सायकल पुढं घेतली आन् ढिगाले हात लावला. हाताले पीठ लागलं. पांढरं, कोरडं पीठ. मी गोटे पाह्यले. सगळे काळेनिळे, सगळे धारेचे, सगळे एका मापाचे. नदीचा गुळगुळीत गोटा त्यात एक नाई. शेतातला तांबडा नाई. शेवाळ धरलेला नाई. इतके पावसाळे गेले आन् एका गोट्यावर शेवाळ नाई! दोन गोट्याईच्या मधात वाळलेलं पान नाई, मुंगी नाई. ही गिट्टी होती. वाटेखाली टाकाले हीच गिट्टी आमच्या घरासमोरून ट्राल्या भरून गेली होती. ढिगाच्या बाजूले ट्रॅक्टरच्या चाकाचे ताजे वळ होते, आन् ढिगाखाली दबलेलं गवत अजून हिरवं होतं.

मिथुनच्या अंगावरची धूळ आठवली. दामिनीचं डोस्कं आठवलं, सुकरीचे डास आठवले. चैन काऊन नेली ते समजलं. मी कठडा धरला.

आधी आला तो राग. मी सायकलवरून खाली उतरली, म्हंजे पडलीच म्हना, आन् दोन्ही हातानं गिट्टी फेकाले लागली. हाताले धार लागून रक्त आलं, येऊ दे म्हनलं. मले वाटे, खाली असल. वर ह्याईनं सोंग केलं असल, पन खाली तरी जुने असतील, सुकरीचा एखादा, मिथुनचा एखादा. एका अंगानं ढीग पुरा उकरला. खाली गवत होतं, गवताखाली माती. आजूबाजूले एक जुना गोटा नाई. इथी कोनी काई ठेवलंच नव्हतं.

शहरातलं एक कुटुंब फिरत आलं. बाई धावत पुढं आली. “अहो काकू, पडलात का? थांबा, उचलते मी.”

“पडली नाई बाई. बसली आहो.”

“इथे? खाली?”

“हो, इथीच बसाचं होतं.”

तिले समजलं नाई. पान्याची बाटली माह्याजवळ ठेवून ती गेली, चांगली होती बिचारी. मी जाळ्याचा गोटा मातीवर ठेवला आन् त्याच्यावर हात ठेवून बसली. मनसाराम ह्याच मातीवर पडला असल. मी तिकडं घरात भितीकडं तोंड करून पडली होती, आन् हा इकडं पान्याकडं तोंड करून. मधात तलाव. माह्याजवळ त्याची सोबत नव्हती, आन् त्याच्याजवळ तं कोनाचीच नव्हती. मी मोठ्यानं रडली. कोन पाहून राह्यलं त्याची लाज नाई वाटली मले.

कवातरी मिथुन आला. धापा टाकत, पायात चप्पल नाई. मी फेकलेली गिट्टी त्यानं पाह्यली, माहे हात पाह्यले, आन् दूरच उभा राह्यला.

“वैनी, मी सांगनारच होतो.”

“कवा गा? मी मेल्यावर?”

तो खाली बसला. मुंडी वर करेच ना. “तू रोज दारात बसून विचारे, वैनी. जाळं खाली ठेवू देत नव्हती. ‘नाई ठेवला’ म्हनाची माही हिंमत नाई झाली. सुकरीआजीनं गुडघ्याएवढा सांगतला, मले वाटलं, आजी तरी जाते. आजीले वाटलं, मी जातो. मंग मी कमरेएवढा म्हनलं. जातच कोनी नव्हतं. वाघ ह्याच अंगाले होता ना. मी मासे धराले डोंगा वल्हवताना बी हे टोक टाळत जाव. इकडं पाह्यलं का दादाचं ते सगळं डोळ्यासामोर ये.”

“आन् गिट्टी?”

“वाट झाली तवा तुहं तोंड कसं खुललं होतं, वैनी! तू येशीन आन् इथी काईच नसन, तं तुह्या जिवाले काय होईल? वाटेची उरलेली गिट्टी पडून होती, ती ठेकेदाराले मागून आनली. दामिनीनं टोपल्यानं टाकली, तिचे हात फुटले. सुकरीआजी बी आली, म्हने मी बी खोटं बोलली, मी बी टाकतो. आमी बरोबर छातीएवढी रचली. तुले जेवढी सांगतली होती तेवढीच.”

तो रडत होता. एवढा मोठा मानूस, मिशा असलेला. त्याच्या हाताले बी माह्यासारखेच चिरे होते. माहा राग तिथीच उतरला, राहते का अशानं? मी त्याले जवळ बोलावलं, बाटलीतलं पानी देलं. तो प्याला आन् माह्या पायापाशी बसला.

“मारशीन तं मार वैनी,” तो म्हने. “पन घरी चल. तुले एकटीले सोडून आमाले जेवन नाई जानार.”

मी म्हनलं, “तुमच्यावर मी काऊन चिडू गा मिथुन? मले खोटं सांगाले का होईना, तुमी रोज माह्या दारात आले. उभे राह्यले, बोलले, हात लावून दाखवला. मनसारामपाशी इतके वर्स खोटं बोलाले बी कोनी आलं नाई.”